नागोयाला हो म्हणायच्या आधी

मनू बेटा,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला, इतका लांब की चहा निवून गेला. बाबांना अर्धा वाचून दाखवला तर म्हणे तुम्ही मायलेकी काय बोलून राहिल्या मला काही समजत नाही, पोट्टी जपानला चालली का नाही तेवढं सांग. तेव्हा त्यांचं सोड, त्यांना फक्त तारीख पाहिजे.

तू म्हणते पीएचडीची सगळी वर्षं नॅचरल प्रॉडक्टच्या सिंथेसिसमध्ये, म्हणजे निसर्गात सापडणारे रेणू लॅबमध्ये बांधण्यात गेली आणि आता जपानमध्ये नागोयाला कार्बनच्या रिंगा नि पट्ट्या बनवणाऱ्या ग्रुपमध्ये पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या रिसर्चला गेली तर पहिल्यापासून सुरुवात. हे मला पटलंच नाही बरं का. मी आयुष्यभर अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवली, रिसर्च काही केला नाही, पण वाचणं सोडलं नाही आणि तू पाठवलेले पेपर तर मी पेन्सिल घेऊन वाचते. मला दोन्हीकडे एकच काम दिसतं.

सी-६० चंच बघ ना, तो साठ कार्बनचा फुटबॉलसारखा रेणू. १९८५ मध्ये क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना तो सापडला, १९९० मध्ये क्रॅचमर आणि हफमन यांनी हेलियममध्ये ग्रॅफाइटच्या कांड्या विजेनं तापवून काजळीतून डोळ्यांना दिसेल इतका काढून दाखवला, १९९६ चं नोबेलही झालं. म्हणजे काजळी करा, सॉल्व्हंटमध्ये धुवा, कॉलम लावा, म्हणजे पावडर भरलेल्या नळीतून ओतून रेणू वेगळे करा, झालं. तरी लॉरेन्स स्कॉट नावाचा माणूस बोस्टन कॉलेजमध्ये तोच रेणू साध्या रिअ‍ॅक्शननी पायरीपायरीनं बांधत बसला आणि २००२ मध्ये बांधलाही! साठच्या साठ कार्बन आणि नव्वदपैकी पंचाहत्तर बंध आधीच जागेवर असलेला एक सपाट रेणू केला, आणि तो ११०० अंशांवर व्हॅक्यूममधून नेला तेव्हा उरलेले पंधरा बंध जुळून चेंडू मिटला. यील्ड, म्हणजे शेवटी हातात आलेला माल, एक टक्क्याच्याही आत. कोणी म्हणेल काऊन इतका त्रास? कारण काजळीत काय बनेल ते आपल्या हातात नसतं, सी-६०, सी-७० आणि वरचे सगळे एकत्र येतात, मग निवडत बसा. नॅनोट्यूबचं, म्हणजे कार्बनच्या अतिबारीक नळ्यांचं, तर त्याहून वाईट, प्रत्येक नळीची जाडी वेगळी, लांबी वेगळी, षटकोनांचा पीळ वेगळा, आणि त्या पिळावरच ती धातूसारखी वागेल की सेमीकंडक्टरसारखी ते ठरतं. फिजिक्सवाल्यांना एकसारखा माल पाहिजे आणि तो द्यायचा तर एक-एक बंध ठरवून बांधणारा माणूस लागतो. तो ऑरगॅनिकवालाच असतो, म्हणजे तू.

आणि युक्त्याही तुझ्याच आहेत. बेंझिनच्या कड्यांची गोल रिंग करायची तर बेंझिन वाकायला तयार नसतो, तो सपाटच राहणार. कित्येक वर्षं लोक इथेच अडकले होते. मग २००८ मध्ये जास्ती आणि बर्टोझी यांनी बर्कलेत काय केलं, तर काही बेंझिनच्या जागी आधीच वाकलेली सायक्लोहेक्झाडाइन, म्हणजे बेंझिनसारखीच पण सपाट नसलेली कडी, ठेवली, रिंग पूर्ण करून घेतली आणि अगदी शेवटी त्यांचं बेंझिन केलं. वाकायचं काम आधी, अरोमॅटिक म्हणजे बेंझिन व्हायचं नंतर. आता तूच सांग, रेणूचा एखादा भाग झाकून ठेवायचा आणि शेवटी उघडायचा हे तू इतकी वर्षं दुसरं काय करून राहिली होती? त्या रिंगांची अजून एक गंमत मला फार आवडते, मोठी रिंग यूव्हीखाली निळी चमकते आणि रिंग जसजशी लहान होते तसा रंग हिरव्या-नारिंगीकडे सरकतो, आपल्याला शिकवलं त्याच्या उलट! एरवी लहान रेणू निळ्याकडे जातो ना.

यील्डचं मात्र मन घट्ट कर. बारा पायऱ्या आणि प्रत्येकीत ८० टक्के मिळाले, जे तुझ्या लॅबमध्ये चांगलेच म्हणतात, तरी शेवटी हातात शंभरातले सातच उरतात. कोरॅन्युलीन, ती वीस कार्बनची वाटी, १९६६ मध्ये मिशिगनमध्ये बार्थ आणि लॉटन यांनी पहिल्यांदा केली तेव्हा सतरा पायऱ्या लागल्या होत्या. नंतर स्कॉटनी रस्ता फार आखूड केला आणि २०१२ मध्ये झुरिकच्या सीगलच्या ग्रुपनं तीच वाटी किलोनं केली. पण मधे जवळपास पंचेचाळीस वर्षं गेली, आणि त्या वर्षांत कितीतरी पोट्ट्यापोट्टींची पीएचडी झाली असेल ज्यांची नावं आपल्याला माहीत पण नाहीत.

माझी काळजी इथे आहे. तुझ्या हुशारीची मला काळजी नाही. तू जाते त्याच गावात, नागोया विद्यापीठात, २०१७ मध्ये इतामी यांच्या ग्रुपनं कार्बन नॅनोबेल्ट, म्हणजे बेंझिनच्या कड्यांचा बंद पट्टा, केला, ज्याची कल्पना १९५४ मध्ये मांडली गेली होती. सुरुवात पॅरा-झायलीनपासून, मधे विटिग रिअ‍ॅक्शन, जी एमएस्सीच्या पोरांना पाठ असते, आणि शेवटी निकेलनं सहा बंध एकदम. वाचायला किती सोपं. पण त्यांनाही बारा वर्षं लागली, आणि पोस्टडॉक दोन वर्षांची असते. म्हणून व्हिडिओ कॉलवर प्रोफेसरला नुसतं प्रोजेक्ट एक्सायटिंग आहे म्हणून फोन ठेवू नको. सरळ विचार की माझ्या आधी या रेणूवर कोण होतं, तो आता कुठे आहे, त्याला पेपर मिळाला का. फ्रिजमध्ये आधीचं इंटरमिजिएट, म्हणजे मधल्या पायरीचा रेणू, किती ग्रॅम पडलं आहे तेही विचार, कारण ते मिलिग्रॅममध्ये असेल तर तुझे पहिले सहा महिने मटेरियल पुन्हा बनवण्यातच जातील. आणि शेवटचा रेणू बनलाच नाही तरी मधल्यांचं काही छापता येईल असा दुसरा छोटा प्रॉब्लेम सोबत देतात का बघ. राग येणारा प्रोफेसर असेल तर तेही तिथेच कळेल, फुकटात.

तब्येतीचंही लिहून टाकते, वाचताना डोळे फिरवू नको. तुझे नवे रेणू म्हणजे शेवटी जोडलेली बेंझिनची कडी, डांबराच्या गोळ्यांच्याच खानदानातले. डांबराच्या गोळीत दोन कडी, बेंझोपायरीनमध्ये पाच, आणि बेंझोपायरीननं कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. नव्या रेणूंचं कोणी तपासलेलंच नसतं, तेव्हा पावडर तोलताना ग्लोव्ह्ज आणि हूड, घाई असली तरी. तिथे एसी असेल, आपल्यासारखं नाही. इथे आमच्या एमएस्सीच्या लॅबमध्ये मे महिन्यात ईथरची बाटली बर्फात ठेवल्याशिवाय उघडायची सोय नव्हती, ते उकळतं पस्तिशीच्या आतच आणि बाहेर नागपूर पंचेचाळीसवर! डायक्लोरोमिथेन पण चाळीसला उकळतं, कॉलम चालवताना मधेच बुडबुडे यायचे आणि सगळ्या पट्ट्या एकमेकींत मिसळून जायच्या. जानेवारीत कॉलम लावायचे हाच आमच्याकडचा नियम.

धरमपेठच्या मावशीनं परत विचारलं की मनू कोणतं औषध बनवून राहिली. मी म्हटलं औषध नाही, कार्बनच्या बांगड्या. तर ती म्हणे मग किती रुपयांना जाते एक? मी गप्प बसले, तूच दिवाळीत येऊन सांग तिला.

तुझा पगार, राहायचं, व्हिसा हे बाबा बघून राहिले आहेत, त्यांनी फाइल पण केली त्याची. तू गुरुवारचा कॉल झाला की आधी मला सांग प्रोफेसर काय बोलला ते, त्या इंटरमिजिएटचं तर नक्की सांग. मग ठरवू.

तुझी
आई

ता.क. थीसिसच्या त्या शेवटच्या चॅप्टरमध्ये एका टेबलात यील्डची बेरीज जुळत नाही, मी पेन्सिलनं खूण केली आहे, फोटो पाठवते.