फुगलेली बॅटरी कचऱ्यात नको

संपादक महोदय,

ड्रॉवर आवरताना जुना मोबाइल हाती लागला. बॅटरी फुगून मागचं झाकण एका बाजूने उचललं गेलं होतं. घरचे तो कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघाले, मी अडवलं. लिथियमची अशी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत चेपली गेली, की आत शॉर्टसर्किट होऊन आग लागू शकते आणि ती सहजी विझत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला. त्यातल्या जेमतेम २२.३ टक्क्यांच्या रीतसर संकलनाची आणि पुनर्प्रक्रियेची नोंद आहे. बाकीच्यापैकी बराच उघड्यावरच हाताळला जातो. तांब्यासाठी वायरी जाळतात, त्या धुरातून डायॉक्सिनसारखी विषं पसरतात. सोन्यासाठी सर्किट बोर्ड आम्लात बुडवतात. या कामात लहान मुलंही असतात, हे मला फार अस्वस्थ करतं.

नवी वस्तू विकणाऱ्या प्रत्येकाने जुनी परत घेतलीच पाहिजे, निदान बॅटऱ्या तरी. आपणही फोन देण्याआधी त्यातली माहिती पुसावी, सुट्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावावी. फुगलेली बॅटरी मात्र चार्ज करू नये, टोचू तर मुळीच नये.

– एक वाचक