पडलेला दात दुधात ठेवायचा असतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी आणि माझे मालक मिळून दूध संकलन केंद्र चालवतो. गाव बालाघाटाच्या डोंगराला लागून आहे. नुसत्या सोयाबीन-ज्वारीवर भागत नाही, म्हणून घरोघरी दोन-चार जनावरं. सकाळी साडेपाचला आमचं शटर वर जातं. मालक कॅन भरतात, मी मशीनवर फॅट लावते आणि वही लिहिते. वर्तमानपत्राला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ आहे. काही चुकलं तर सुधारून घ्यावं, पण पत्र छापावं ही विनंती.

गोष्ट फेब्रुवारीतली. माझा अकरा वर्षांचा मुलगा चुलत्याच्या गोठ्यावरून सायकलला किटली अडकवून दूध घेऊन येत होता. नळाच्या पाइपलाइनसाठी गल्ली उकरली होती आणि वरून नुसती माती लोटली होती. पुढचं चाक त्यात रुतलं आणि लेकरू तोंडानं हँडलवर आपटलं. केंद्राच्या दारात येऊन उभं राहिलं तेव्हा रडत नव्हतं. ओठ फाटलेला, सदरा रक्तानं भरलेला, उजवी मूठ आवळलेली. मी मूठ उघडून बघितली तर आत दात. वरचा, पुढचा, सगळाच्या सगळा. शेजारचा दात तोंडातच होता, पण तिरका, अर्धा तुटलेला.

दात एवढा लांब असतो हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर दिसतो तो निम्मासुद्धा नाही. खालचं मूळ पिवळसर, आणि त्याला ओलसर मांसाचा पापुद्रा चिकटलेला. मी काय केलं? नळाखाली धरून बोटानं चोळचोळून धुतला. तो पापुद्रा नखानं खरवडून काढला, घाण राहू नये म्हणून. मग वहीचा कागद फाडला, त्यात दात गुंडाळला आणि देवळीत ठेवला. हे सगळं करताना माझ्या मागं चाळीस-चाळीसचे दोन कॅन दुधानं भरलेले होते.

लेकराला घेऊन आम्ही तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या बाई डॉक्टरांनी ओठाला टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, दुखीच्या गोळ्या दिल्या. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. दातांच्या खोलीला मात्र कुलूप होतं. दातांचे डॉक्टर आठवड्यातून ठरावीक दिवशीच येतात, आणि खुर्चीचा कॉम्प्रेसर बरेच दिवस बंद आहे, असं शिपायानं सांगितलं. खिडकीतून खुर्ची दिसत होती. चादरीनं झाकलेली होती, तिच्यावर सलाइनची रिकामी खोकी रचलेली होती. आम्ही घरी आलो. तोवर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, देवळीतला दात पत्र्यावर फेकला होता. लहानपणी पडलेला दात आपण पत्र्यावर फेकतोच. त्यांनी रीतीप्रमाणं केलं. त्यांना दोष कसा देऊ?

दुसऱ्या दिवशी बार्शीला खासगी दंतवैद्याकडं गेलो. आमच्या भागातली माणसं दवाखान्याला बार्शीच गाठतात. डॉक्टरांनी लेकराचं तोंड बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, “पडलेला दात कुठं आहे?” मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “ताई, घरात दूध नव्हतं का?”

संपादकसाहेब, दूध संकलन करणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारला गेला. मी खुर्चीवर खाली बसले आणि किती तरी वेळ बोलूच शकले नाही.

त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं. मी जो पापुद्रा घाण म्हणून खरवडला, तोच दाताला हाडाशी धरून ठेवतो. त्यातल्या पेशी दात बाहेर पडल्यावरही काही वेळ जिवंत असतात. त्या जिवंत असताना दात जागेवर बसवला तर तो पुन्हा धरायची आशा असते. दात कोरडा पडला की त्या पेशी मरू लागतात, आणि तासभर कोरडा राहिला तर आशा फार कमी उरते. साध्या पाण्यात ठेवला तर पेशी पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. दुधात त्या काही तास तग धरतात. म्हणून कायमचा दात मुळासकट पडला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरूनच उचलायचा, मुळाला बोट लावायचं नाही. माती लागली असली तर दुधानं नाही तर वाहत्या पाण्यानं नुसता खंगाळायचा, तोही मोजून काही सेकंद. घासायचा नाही, साबण नाही, हळद नाही. माणूस शुद्धीवर असेल आणि हिंमत होत असेल तर तिथल्या तिथं त्याच खड्ड्यात सरळ बसवायचा आणि स्वच्छ रुमाल दातांत हळू धरायला सांगायचा. ते जमत नसेल तर गार दुधात टाकायचा आणि निघायचं. अर्ध्या तासात पोचलं तर उत्तम. डॉक्टर पातळ तारेनं तो दात शेजारच्या दातांना साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात, आणि त्याच सुमाराला रूट कॅनॉलला हात घालतात. पिशवीतलं गार दूध असेल तर चांगलंच, नाही तर तापवून गार केलेलं चालतं. दही-ताक चालत नाही, आंबट असतं.

दोन गोष्टी त्यांनी मला दोनदा सांगितल्या. एक, लहान लेकरांचा दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नाही. खालून येणाऱ्या पक्क्या दाताला त्यानं इजा होऊ शकते. त्याला दवाखान्यात दाखवायचं मात्र नक्की. दुसरी, दाताचा नुसता तुकडा उडाला असेल तर तुकडा शोधून तोही दुधात घालून आणायचा, पुष्कळदा तो परत चिकटवता येतो. माझ्या मुलाच्या दुसऱ्या दाताचा तुकडा त्या उकरलेल्या गल्लीतच पडून राहिला. शोधायचा असतो हेच माहीत नव्हतं.

त्या अर्ध्या दाताची नस उघडी पडली होती. वारा लागला तरी लेकरू कळवळायचं. रूट कॅनॉल झालं, टोपी बसली, गेलेल्या दाताच्या जागी काढ-घाल करायचा दात दिला. सगळे मिळून सात हजार रुपये गेले. म्हशीच्या पेंडीचे पैसे होते ते. पक्कं काही करायचं तर जबड्याची वाढ पूर्ण व्हायला हवी, म्हणजे तो अठरा वर्षांचा होईपर्यंत तरी थांबावं लागेल. मी विचारलं, दात आणला असता तर? डॉक्टर म्हणाले, एवढ्या उशिरा तो फार वर्षं टिकला नसता, पण बसवून बघितला असता. वाढत्या वयात तिथलं हाड तरी धरून राहिलं असतं. वेळेत आणि दुधात आला असता तर गोष्टच वेगळी होती.

मुलगा आता हसताना ओठ मिटून घेतो. वर्गात ‘स’ आणि ‘फ’ नीट उमटत नाही म्हणून उभं राहून वाचायला तयार होत नाही. पूर्वी धडा वाचायला पहिला हात त्याचाच असायचा.

तेव्हापासून मी माणसांच्या तोंडाकडं बघायला लागले. दूध घालायला येणाऱ्या कितीजणांचे पुढचे दात तुटलेले आहेत, हे इतकी वर्षं मशीनवर बसून मला दिसलं नव्हतं. कुणाला बैलानं शिंग मारलं, कुणाला पंपाचा हँडल लागला. कारखान्याला जाणाऱ्या एका कुटुंबातली पोरगी उसाच्या ट्रॉलीवरून उतरताना पडली. टोळी पुढच्या फडाला निघाली होती, दातासाठी कोण थांबणार? एक बाई पदर तोंडावर धरून दूध घालते. दात कसा तुटला विचारलं तर गोठ्यात घसरले म्हणाली. घरच्या माराची गोष्ट गावाला माहीत आहे. हात मोडला तर आपण लगेच गाडी काढतो. दात मोडला तर ‘दातच आहे’ म्हणतो. आणि दुखायचं थांबलं की बरं झालं असं समजतो. दुखायचं थांबलं म्हणजे पुष्कळदा आतली नस मेलेली असते, आणि पुढं मुळाशी पू धरतो.

मग माणसं जातात कुठं? आमच्या आठवडी बाजारात एकजण पथारी टाकून बसतो. समोर फडक्यावर दातांची रांग, एक आरसा, एक कानस. तुटका दात कानशीनं घासतो, गेलेल्या दाताच्या जागी गुलाबी मसाला लावून शेजारच्या दातांना नवा दात चिकटवून देतो. दहा मिनिटांत काम. माझ्या मावशीनं तिथं दोन दात बसवून घेतले. वर्षभरात हिरडी सुजली, वास यायला लागला, आणि शेवटी ज्या चांगल्या दातांना ते चिकटवले होते तेही काढावे लागले. नोंदणी नसलेल्या माणसानं दातांवर उपचार करू नयेत म्हणून देशात १९४८ सालीच दंतवैद्य कायदा झाला. पण मी मावशीला काय तोंडानं रागावू? त्या पथारीशिवाय जवळ दुसरं उघडं दार नव्हतं.

आत्याबाईंचं तर सांगायलाच नको. चाळीस वर्षं मिश्री लावली. दाढा झिजून, फुटून नुसते खुंट राहिले आहेत. भाकरी दुधात कुस्करून, लगदा करून गिळतात. घरात दिवाळीनंतर हुरडा भाजला की सगळे शेकोटीभोवती बसतात, त्या उठून आत जातात. खुंट काढून कवळी बसवून घेऊ म्हटलं की म्हणतात, आता किती दिवस राहिले. त्यांना ती कुलूपबंद खोली माहीत आहे, म्हणूनही असं म्हणत असतील.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले, आमच्यासारख्यांना त्याचा मोठा आधार आहे. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, त्यात दवाखान्यांना दातांची साधनं आणि माणसं मिळण्याची सोय आहे. शाळेत मुलांना तपासायला गाडी येते. त्या पथकानं माझ्याच मुलाची कीड लागलेली दाढ मागं एकदा लिहून दिली होती. ती चिठ्ठी घेऊन गेलो तेव्हाही त्या खोलीला कुलूपच होतं. सरकारी दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. तिथं जाऊन यायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि भाडं. आणि पडलेल्या दाताला दोन दिवस नसतात, तासभरच असतो.

माझी मागणी मोठी नाही. तालुक्याच्या दवाखान्यातली दातांची खुर्ची रोज चालू ठेवा. कॉम्प्रेसर बंद पडला तर तो आठ दिवसांत दुरुस्त होईल अशी सोय करा. दातांचे डॉक्टर नसतील त्या दिवशी निदान दात दुधात ठेवून जागेवर बसवण्यापुरतं प्रशिक्षण तिथल्या इतर डॉक्टरांना आणि सिस्टरांना द्या. शाळेच्या प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर ही माहिती चिकटवा, कारण लेकरं पडतात ती मैदानावर आणि हापशावर. आशाताई घरोघर जातात, त्यांनाही हे सांगा. आणि गल्ली उकरणाऱ्या ठेकेदाराकडून ती नीट बुजवूनच घ्या.

दूध संघांना आणि डेअरीवाल्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे. आमच्या जिल्ह्यात खवा भट्ट्या गावोगाव आहेत आणि डेअरी नाही असं गाव शोधावं लागेल. जिथं शीतकरणाची टाकी आहे तिथं चार अंशाला गार केलेलं दूध असतं. कुणाच्या लेकराचा दात पडला तर वाटीभर दूध द्यायला काय लागतं? फक्त ते द्यायचं हे माहीत पाहिजे.

मी आमच्या केंद्राच्या फळ्यावर, दुधाच्या दराच्या खाली, खडूनं लिहून ठेवलं आहे: “पक्का दात पडला तर धुवू-घासू नका. पांढऱ्या बाजूनं धरून इकडं आणा. दूध फुकट मिळेल. दात घेऊन लगेच दातांच्या डॉक्टरकडं जा.” गेल्या महिन्यात शेजारच्या वस्तीवरचा एक बाप मुलीच्या दाताचा तुकडा चहाच्या कपात दूध घालून घेऊन आला. त्याला बार्शीचा पत्ता दिला. तुकडा बसला. मुलगी दुसऱ्या दिवशी आईबरोबर दूध घालायला आली आणि मला दात दाखवून गेली. जोड कुठं आहे ते मला दिसलंसुद्धा नाही.

पावसाची झड आली की खडू पुसला जातो, म्हणून आता ते रंगानं लिहून घेणार आहे. तुम्ही हाच मजकूर एखाद्या दंतवैद्याकडून तपासून घेऊन चौकटीत छापलात, तर ते कात्रण मी दराच्या फळ्याशेजारी लावीन. शाळेसाठी आणखी एक लागेल, तेव्हा त्या दिवशीचे दोन अंक मी घेऊन ठेवीन.

आपली नम्र,
एक वाचक, जि. धाराशिव