दुसऱ्या पोस्टडॉकच्या निमित्ताने आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

कायमची नोकरी केव्हा, हा बाबांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर फोनवर घाईत देण्यापेक्षा सविस्तर लिहावे असे वाटले. जर्मनीतल्या हॅम्बुर्गची पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनाची, नेमणूक मी स्वीकारली आहे. सैद्धांतिक कणभौतिकीतल्या, म्हणजे पदार्थाच्या मूलकणांचे गणित मांडणाऱ्या माझ्या विषयातल्या, कायमच्या जागा जगभर मोजक्याच असल्यामुळे पीएच.डी.नंतर दोन-तीन पोस्टडॉक करणे ही आमच्याकडची रीतच आहे. तेव्हा मी मागे पडले, असे मनात आणू नका.

प्रयोगशाळा नाही तर तू दिवसभर करतेस काय, असे आईने विचारले होते. हिग्ज कण नावाच्या एका मूलकणाची इतर कणांशी आणि स्वतःशीही किती तीव्रतेने आंतरक्रिया होते, याचे गणित आम्ही कागदावर आणि संगणकावर मांडतो. एकच गणित दोघांनी स्वतंत्रपणे करायचे आणि उत्तरे जुळल्याशिवाय काहीही प्रसिद्ध करायचे नाही, हा आमच्या गटाचा नियम आहे. समीकरणातल्या शेकडो पदांमध्ये एकाचे अधिक-उणे चिन्ह उलटले तरी ते शोधण्यात आठवडे जातात. पीटर हिग्ज यांनी १९६४ साली कागदावर वर्तवलेला कण जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेच्या प्रयोगांत २०१२ साली सापडला, यावरून या कामाचा पल्ला ध्यानात येईल.

आपल्या पुण्याच्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले १९७९ साली अमेरिकेत पीएच.डी. करून मायदेशी परतल्या. मुंबई विद्यापीठात शिकवत असतानाच, १९९१ साली, त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ मॅन्युएल ड्रीस यांच्यासोबत दाखवून दिले की इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित प्रतिकण पॉझिट्रॉन यांचे दाट झोत समोरासमोर आणले असता त्यांतून प्रकाशकण बाहेर पडतात, ते एकमेकांवर आदळून नको असलेल्या कणांची गर्दी करतात, आणि म्हणून झोतांची रचना ठरवतानाच त्याचा हिशेब धरावा लागतो. अशा टकरी घडवणारी जी यंत्रे अजून उभी राहायची आहेत त्यांच्या आराखड्यांत हे गणित आजही विचारात घेतले जाते, याचा मला फार अभिमान वाटतो आणि मला करायचे आहे ते याच जातीचे काम.

परतण्याचा माझा विचारही पक्का आहे. या नेमणुकीच्या काळातच मुंबईची टीआयएफआर, आयसर आणि बंगळूरची आयआयएससी या संशोधन संस्थांत मी अर्ज करणार आहे. निवड होईलच असे वचन देता येत नाही, पण काकांनी विचारले तर एवढे त्यांना जरूर सांगा.

तुमची लेक