ते कुठे लिहिलंय?

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझी दोन पत्रं टेबलावर उत्तराची वाट बघतायत आणि पुनरुत्थानदिनापासून मी तुला एक ओळही पाठवलेली नाही. रागवायचं तर रागव, पण हे वाचून झाल्यावर. माझी शुगर आटोक्यात आहे, गुडघा आहे तसाच, हिची पाठ बरी. तब्येतीचं एवढंच.

गेल्या गुरुवारी मी त्याच्याकडे गेलो होतो. कोणाकडे ते तुला सांगायला नको. २२ वर्षांत आपण दोघांनी एकमेकांसमोर त्याचा विषय काढलेला नाही. त्यातले पहिले ११ महिने तर आपण एकमेकांशीच बोलत नव्हतो, तेव्हा ते धरू नकोस.

त्याच्या पोराच्या दफनविधीनंतर मागच्या खोलीत मी झगा काढत होतो आणि तू दारात उभा राहून म्हणालास, ‘‘आज तू अलीफज झालास.’’ मी केवढा भडकलो होतो! म्हटलं, नऊ वर्षांच्या पोराच्या पेटीसमोर उभा राहून दाखव, मग बोल. तू म्हणालास, ‘‘उभंच राहायचं होतं. बोलायला कोणी सांगितलं होतं?’’ ईयोबाचे तिघे मित्र, अलीफज त्यांतलाच, सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर नुसते बसून राहिले तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं, बिघडलं ते तोंड उघडल्यावर, हे मला तुझ्याकडून ऐकायचं नव्हतं. सेमिनरीत ईयोबाच्या पेपरात मला तुझ्यापेक्षा जास्त मार्क होते. राग बहुधा त्याचाच आला. मग बाबांच्या वेळी तू आलास, रात्रभर बाकावर माझ्याशेजारी बसलास, एक शब्द बोलला नाहीस. भांडण त्या रात्री मिटलं, पण त्या वाक्याबद्दल आपण पुन्हा कधीच बोललो नाही.

त्या दफनविधीत मी बोललेलं वाक्य तुला आठवत असेलच. ‘देवाला आपल्या बागेसाठी सर्वांत सुंदर फूल हवं होतं, म्हणून त्याने ते खुडून नेलं.’

मी इथे परत बदलून आलो तेव्हा तू फोनवर विचारलं होतंस, त्या पोराची आई येते का म्हणून. येते. चौथा बाक, भिंतीकडची जागा. आशीर्वचन झालं की मी दाराशी जाऊन उभा राहतो, शंभरेक हात हातात येतात, आणि प्रत्येक हातामागून तेच उत्तर येतं: ‘ठीक आहे, पाळकसाहेब.’ नोकरी गेलेला ठीक असतो, मुलगी सासरहून परत आलेली आई ठीक असते. मी प्रत्येकाला ‘प्रभूची स्तुती’ म्हणतो आणि पुढचा हात धरतो. तीन वर्षं, दर रविवारी, तीही ठीक होती.

आपले हिब्रूचे सर शुनेमच्या बाईची गोष्ट शिकवताना फळ्यावर एकच शब्द लिहून थांबले होते, आठवतंय? दुपारी मांडीवर मुलगा गेलेला. त्याला वरच्या खोलीत निजवून, गाढवीवर बसून ती कर्मेलपर्यंत, अलीशा संदेष्ट्याकडे येते. त्याचा नोकर गेहजी समोर धावत जाऊन विचारतो: तू बरी आहेस ना, नवरा बरा आहे ना, मूल बरं आहे ना? आणि ती म्हणते, शालोम. सगळं बरं आहे. सर म्हणाले होते, ‘‘तुमच्या दाराशी ही बाई दर आठवड्याला येईल, ओळखा म्हणजे झालं.’’ मी वहीत उतरवून घेतलं होतं, तारखेसकट.

तीन रविवारांपूर्वी तिने माझा हात सोडला नाही. मागे रांग खोळंबली. म्हणाली, ‘‘घरी याल? त्यांनी बोलावलंय.’’

तो खूप उतरलाय. फुप्फुसं. बोलताना दर चार शब्दांनी थांबतो, नळी नाकाशी आहेच. पहिल्या दोन भेटींत हवापाण्याच्या पलीकडे गेला नाही. मी प्रार्थना करू का विचारलं तर म्हणाला, ‘‘नको. बसा.’’ मी बसलो. गेल्या गुरुवारी तिला काहीतरी आणायला बाहेर पाठवलं, गादीखालून एक वही काढली आणि मला विचारलं, ‘‘पाळक, ते कुठे लिहिलंय?’’

मला कळेना.

‘‘फुलाचं. त्या दिवशी तुम्ही म्हणालात. मी शोधतोय. सापडत नाही.’’

मित्रा, ज्या माणसाने त्या दिवसानंतर मंदिरात पाऊल टाकलं नाही, ज्याला मी मनातल्या मनात ‘विश्वासातून गेलेला’ म्हणून कधीचा बाजूला काढून ठेवला होता, तो २२ वर्षं पवित्र शास्त्र वाचत होता. सगळी ६६ पुस्तकं. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या मंडळीत वडीलमंडळ धरून असा दुसरा माणूस मला दाखवता येणार नाही. आणि वाचत होता कशासाठी, तर माझ्या एका वाक्याचा संदर्भ शोधायला.

वहीत त्याने सगळी फुलं उतरवली आहेत. ईयोब १४, माणूस फुलासारखा उगवतो आणि खुडला जातो. स्तोत्र १०३, रानातल्या फुलावरून वारा गेला की ते नाहीसं होतं. यशया ४०. याकोब १. १ पेत्र १. डोंगरावरच्या प्रवचनातली रानफुलं. प्रत्येकापुढे बारीक अक्षरात शेरा: ‘सुकतं.’ ‘वाऱ्याने जातं.’ ‘उन्हाने करपतं.’ आणि मग गीतरत्न ६:२, प्रियकर आपल्या बागेत फुलं वेचायला गेला आहे. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. ‘‘हे सगळ्यात जवळचं,’’ तो म्हणाला, ‘‘पण हे प्रेमाचं गाणं आहे. यात कोणी मेलेलं नाही. देव पोरं खुडतो असं कुठेच नाही ना?’’

मी म्हणालो, नाही. लिहिलेलं नाही. ऐकलेलं होतं, बरं वाटलं, म्हणून बोललो.

‘‘मला वाटलंच,’’ तो म्हणाला. रागाने नाही. हिशेब एकदाचा जुळल्यासारखं. मग वहीचं शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. २ राजे ४:२७. शुनेमची बाई अलीशाचे पाय धरते, गेहजी तिला ढकलायला जातो, आणि अलीशा म्हणतो: राहू दे तिला, तिच्या जिवाला फार दुःख झालंय, आणि परमेश्वराने ते माझ्यापासून लपवून ठेवलंय, मला सांगितलेलं नाही. ‘‘हे म्हणायचं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘एवढंच म्हटलं असतंत तर मी पुढच्या रविवारी आलो असतो.’’

ज्या गोष्टीचा पूर्वार्ध मी तारखेसकट वहीत लिहून घेतला होता, तिचा उत्तरार्ध त्याने मला शिकवला. संदेष्ट्याला ठाऊक नाही, आणि संदेष्टा तसं स्वच्छ सांगतो. पुढे तो मुलगा उठतो, पण या वचनापाशी ते अलीशालाही माहीत नाही.

इथवर असतं तर मी तुला फोनवर सांगितलं असतं. हे पुढचं फोनवर बोलता येत नाही.

ती परत आली. वही गादीखाली गेली, इतक्या सराईतपणे, की पाऊस आल्यावर वाळत घातलेले कपडे ओले व्हायच्या आत काढावेत तसं. मी निघताना ती आपलं पवित्र शास्त्र घेऊन आली. शिवण उसवलेली, काळ्या चिकटपट्टीने बांधलेली प्रत. पहिल्या कोऱ्या पानावर मुलाचं नाव, दोन तारखा, आणि खाली तिच्या अक्षरात माझं वाक्य. फूल, बाग, सगळं. म्हणाली, ‘‘पाळकसाहेब, तुम्हाला कधी सांगितलं नाही. हे नसतं तर मी ते वर्ष काढलं नसतं. अजून रात्री झोप लागली नाही की मी ती बाग बघते.’’

मी त्याच्याकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता.

म्हणजे त्याला सगळं ठाऊक आहे. पहिल्यांदा पूर्ण वाचून झालं आणि वाक्य सापडलं नाही, तेव्हापासून ठाऊक आहे. बायको ज्यावर उभी आहे ते शास्त्रात नाही हे कळूनही त्याने तिला कधी कळू दिलेलं नाही, वही लपवत आला. आपण ज्याला प्रीती म्हणतो आणि १ करिंथ १३ वाचून लग्नं लावतो, ती मला इतक्या जवळून कधी दिसली नव्हती.

आता मला सांग, मी काय करू?

तू तेव्हा म्हणाला होतास, उपदेशपीठावरून बोललेलं उपदेशपीठावरूनच मागे घ्यावं लागतं. तेव्हा पटलं नव्हतं. गुरुवारी रात्री पटलं, आणि शुक्रवारी सकाळी पुन्हा पटेनासं झालं. मागे घेतलं तर तो सुटेल, चौथ्या बाकावरची ती पडेल. नाही घेतलं तर जे वचन नाही त्याला मी जाणूनबुजून वचन होऊ देतोय. याकोब ३:१ आपल्या दीक्षेच्या दिवशी वाचलं होतं, तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, आपला न्याय अधिक कडक होईल. ते वाचताना तू मला कोपराने ढोसलं होतंस.

चार रात्री मी जुने संदेश काढून बसलोय. हजाराच्या वर रविवार. लाल पेन्सिल घेऊन, जे शास्त्रात दाखवता येत नाही त्याखाली रेघ. ‘देव सोसवेल तेवढंच दुःख देतो’ हे मी कितीतरी खाटांशेजारी म्हटलंय. १ करिंथ १०:१३ परीक्षेबद्दल, मोहाबद्दल आहे, दुःखाच्या वजनाबद्दल नाही. आणि त्याच मंडळीला दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल सांगतो की आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, जगण्याचीही आशा उरली नव्हती. रोम ८:२८ मी शंभरदा वाचलं असेल, सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. दोनच वचनं आधी लिहिलंय की आपल्याला कशी प्रार्थना करावी तेही कळत नाही आणि आत्मा शब्दाविना कण्हतो. ते मी दफनभूमीत एकदाही वाचलेलं नाही. रेघा वाढल्या तशी झोप गेली. ही म्हणते, पेन्सिल ठेव आणि गुडघ्यावर ये. बरोबर आहे तिचं.

येत्या रविवारचं वाचन योहान ११ आहे, येशू मेलेल्या लाजराला उठवतो तो अध्याय, मी निवडलेलं नाही, आधीच ठरलेलं. लाजराची बहीण मार्था येशूला भेटते, म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तिला तो शब्द देतो: पुनरुत्थान व जीवन मीच आहे. मग दुसरी बहीण मरीया येते, तेच वाक्य म्हणते. तिला एकही शब्द देत नाही. रडतो. इतकी वर्षं मी दोघींवर वेगवेगळे संदेश दिले, वाक्य एकच आहे याकडे लक्षच गेलं नाही. एकाच घरातली दोन माणसं, एकच मरण, एकाला शब्द आणि दुसऱ्याला आसवं. पण मित्रा, मार्थाला मिळालेला शब्द खरा होता. मी दिलेला नव्हता. इथे येऊन माझं गाडं अडतं.

एक मार्ग सुचला. दावीदाचं मूल जातं तेव्हा तो म्हणतो, मी त्याच्याकडे जाईन, ते माझ्याकडे परत येणार नाही. २ शमुवेल १२. हे लिहिलेलं आहे. तिच्या त्या पानावर माझ्या वाक्याखाली हे लिहून द्यावं का? वरचं खोडायचं नाही, नुसतं खाली काहीतरी खरं ठेवायचं. का ही माझी पळवाट? तू लगेच ‘पळवाट’ म्हणशील. एक रात्र जाऊ दे, मग म्हण.

शब्बाथशाळेतल्या एका पोरीने परवा विचारलं, ‘‘लाजर दुसऱ्यांदा मेला तेव्हा लोक रडले का?’’ शिक्षिकेने तिला माझ्याकडे पाठवलं. मी म्हटलं, बाळा, लिहिलेलं नाही, मला माहीत नाही. ती म्हणाली, ‘‘बरं,’’ आणि खेळायला पळाली. इतकं सोपं होतं.

धाकटीची परीक्षा कशी झाली? आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? बदलीचं काय ठरलं ते कळव. वहिनींना सलाम. गायकवृंदाच्या भांडणावरून एवढा खचू नकोस, तू तर एकदा दानार्पणाच्या आधीच आशीर्वचन देऊन अख्खी मंडळी घरी पाठवली होतीस, आणि तरी ते तुला सांभाळून आहेत.

मुख्य सांगायचं राहिलं. निघताना त्याने विचारलं, ‘‘ते गाणारे कुठे असतात?’’ मी तुझं सांगितलं. म्हणाला, ‘‘दुसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज गेला होता. पुढचं त्यांना गाता आलं नाही. तेवढंच मला त्या दिवसातलं बरं आठवतं.’’ त्याची इच्छा आहे की त्याच्या वेळी तू गावंस. मी २ राजे ४ वाचायचं, तू गायचं, बोलायचं कोणी नाही. मी हो म्हटलंय.

आणि ती मात्र त्या दिवशी चौथ्या बाकावरून माझ्याकडे बघत असेल, ते फुलाचं मी पुन्हा म्हणावं म्हणून.

डॉक्टर आठवडे म्हणतात, महिने नाही. तू बॅग भरून ठेव. आणि शनिवारी रात्री नऊनंतर फोन कर, मी योहान ११ घेऊन जागाच असेन.

तुझा,
खोली नंबर ११ मधला