पासवर्ड बदललास, पण आत शिरलेला बाहेर गेला का?

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या गूगल खात्यात 'अनोळखी डिव्हाइसवरून साइन-इन' झाल्याचा मेल आला आणि तू लगेच पासवर्ड बदललास, हे चांगलं केलंस. पण त्यावर निर्धास्त होऊ नकोस. खात्यात शिरलेला माणूस पहिल्या काही मिनिटांतच पुन्हा आत येण्याची सोय करून ठेवतो, आणि नुसत्या पासवर्ड बदलण्याने ती सोय मोडतेच असं नाही. आज बसून ती शोधायची आहे.

आधी एक सांग, पासवर्ड त्या मेलमधल्या लिंकवरून बदललास का? तसं असेल तर तो मेलच बनावट असण्याची शक्यता धर. हुबेहूब असाच इशारा पाठवून लोकांकडून जुना आणि नवा, दोन्ही पासवर्ड काढून घेतात. अशा मेलवर कधीच टिचकी मारायची नाही. पत्ता स्वतः टाइप करून गूगल खातं उघड आणि सिक्युरिटी विभागात अलीकडच्या सुरक्षा घडामोडी बघ. इशारा खरा असेल तर त्याची नोंद तिथे सापडेल.

त्याच विभागात डिव्हाइसची यादी आहे. ती वाचताना घाबरून जाऊ नकोस. गाव भलतंच दिसलं म्हणजे चोर असं नाही, कारण मोबाइल डेटाचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर तुझ्या जोडणीला मिळालेला क्रमांक, पुष्कळदा दुसऱ्याच शहराच्या नावावर असतो, आणि व्हीपीएन (दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्गे इंटरनेट वापरायची सोय) चालू असेल तर देशही बदलतो. एकच फोन तीन वेळा दिसू शकतो, कारण प्रत्येक ब्राउझरचं लॉगिन वेगळं मोजलं जातं. बघायचं ते डिव्हाइसचा प्रकार, ब्राउझर आणि वेळ. तू कधीच न वापरलेला विंडोज संगणक, पहाटे तीनची वेळ, हे जुळून आलं की तो तू नव्हेस. संगणकावर जीमेल उघडलंस तर इनबॉक्सच्या तळाशी उजवीकडे 'डिटेल्स' असं बारीक अक्षरात दिसेल. तिथे शेवटच्या काही भेटी आयपी पत्त्यासकट मिळतात, शिवाय मेल ब्राउझरमधून पाहिला की दुसऱ्या एखाद्या मेल प्रोग्रॅमने ओढून नेला तेही कळतं.

यादी स्वच्छ दिसली तरी संशय पुरता फिटत नाही. एकदा लॉगिन झालं की साइट ब्राउझरला एक लांबलचक टोकन देते आणि ते कुकीत, म्हणजे ब्राउझरने जपून ठेवलेल्या छोट्याशा नोंदीत, साठतं. जत्रेत तिकीट दाखवून हातावर शिक्का मारून घेतला की दारावरचा माणूस पुन्हा तिकीट मागत नाही, तसं. फुकटचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर किंवा संशयास्पद ब्राउझर एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) यांतून आलेला मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्रॅम, हा शिक्काच उचलून नेतो. मग चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. ब्राउझरमध्ये साठवलेले बाकीचे पासवर्डही तो सोबत नेतो. म्हणून हल्ली असलं काही त्या संगणकावर टाकलं असशील तर त्यावरून पासवर्ड बदलून उपयोग नाही, नवाही तिकडेच जाईल. दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदल आणि मग सगळ्या डिव्हाइसवरून साइन-आउट कर. पासवर्ड बदलल्यावर गूगल बहुतेक ठिकाणांहून आपोआप बाहेर काढतं, पण ज्या डिव्हाइसवर तू साइन-इनची खात्री पटवतेस ते आणि खात्याची परवानगी दिलेली काही अ‍ॅप्स तशीच राहतात. ती एकेक करून काढावी लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा, जिथे लोक बघतच नाहीत. जीमेलच्या सेटिंग्जमधलं फिल्टरचं पान. आलेल्या मेलचं आपोआप काय करायचं ते सांगणारा नियम म्हणजे फिल्टर. हे फोनच्या अ‍ॅपमध्ये दिसत नाही, संगणकाच्या ब्राउझरमधूनच उघड. चोराचा फिल्टर दिसायला अगदी निरुपद्रवी असतो: मेलमध्ये 'पासवर्ड' किंवा 'सिक्युरिटी' शब्द असेल तर इनबॉक्समध्ये दाखवू नको, वाचलेला म्हणून खूण कर, ट्रॅशमध्ये टाक. एवढ्या एका ओळीने तुझ्या प्रत्येक खात्याचे इशारे तुझ्यापासून लपतात आणि तो मात्र ट्रॅश उघडून रिसेटच्या लिंका वापरत राहतो. तू न बनवलेला प्रत्येक फिल्टर काढ. शेजारच्या पानावर फॉरवर्डिंगचा पत्ता बघ, दुसऱ्या मेल प्रोग्रॅमला मेल ओढू देणाऱ्या पॉप आणि आयमॅप या सोयीही बघ. अकाउंट्सच्या पानावर 'तुमच्या खात्याचा अ‍ॅक्सेस द्या' या ओळीत कुणाचं नाव आहे का, 'सेंड मेल अ‍ॅज'मध्ये परका पत्ता किंवा बदललेला रिप्लाय-टू (उत्तरं जिथे जातात तो पत्ता) आहे का, तेही तपास. मग ट्रॅश, स्पॅम आणि सेंट चाळ. ट्रॅशमधला मेल ३० दिवसांनी कायमचा जातो, तेव्हा हे आजच कर. इनबॉक्समध्ये अचानक शेकडो फालतू वृत्तपत्रिकांचा पूर आला असेल तर त्या ढिगात एखादी खरेदीची पावती किंवा पत्ता बदलल्याची सूचना दडवलेली असते. ती शोधून काढ.

रिकव्हरीचा, म्हणजे खातं परत मिळवण्यासाठी दिलेला, फोन आणि ईमेल तुझाच आहे ना ते अक्षर न् अक्षर वाच, एका अक्षराचा फरक करून बनवलेला पत्ता सहज निसटतो. उद्या कधी आत शिरताच आलं नाही तर नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या वायफायवरून रिकव्हरी सुरू कर. चोराने रिकव्हरीची माहिती बदलली असली तरी पुढचे ७ दिवस गूगल जुन्या फोनवर किंवा ईमेलवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. ते दिवस वाया घालवू नकोस.

टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर दुसरी खात्री, तुझ्याकडे आहे, पण ते एसएमएसवर आहे. सिम दुसऱ्याने आपल्या नावावर करून घेतलं की एसएमएस त्याच्याकडे जातात. फोनची रेंज विनाकारण तासभर गायब झाली तर आधी मोबाइल कंपनीकडे चौकशी करायची. ऑथेंटिकेटर अ‍ॅप यापेक्षा बरं, त्यातला सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी बदलतो. तरी बनावट पान तोही तुझ्याकडून घेऊन त्याच क्षणी खऱ्या साइटवर वापरू शकतं. पासकीला, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या बोटाच्या ठशाने किंवा स्क्रीन लॉकने साइन-इन करण्याच्या सोयीला, हा धोका नाही, कारण ती साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते आणि खोट्या पत्त्यावर चालतच नाही. माझं ऐकशील तर पासकीच लाव. त्याआधी यादीत तुझी नसलेली पासकी किंवा ऑथेंटिकेटर जोडलेलं नाही ना बघ. फोन हाताशी नसताना वापरायचे बॅकअप कोड नव्याने काढ. १० कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो, आणि नवे काढताच जुने बाद होतात. ते कागदावर लिही, मेलमध्ये ठेवू नकोस. तू साइन-इन करत नसतानाही फोन 'तुम्हीच साइन-इन करताय का?' असं विचारू लागला तर 'नाही' दाब आणि पासवर्ड बदल. तो प्रश्न येतोय म्हणजे बहुधा पासवर्ड कुणाच्या तरी हाती आहे.

खात्याला जोडलेली इतर अ‍ॅप्सही बघून घे. अनोळखी असेल त्याची परवानगी काढ. अ‍ॅप पासवर्ड (एखाद्या जुन्या अ‍ॅपला खातं उघडू देण्यासाठी बनवलेले वेगळे पासवर्ड) बनवले असशील तर गूगल मुख्य पासवर्डसोबत ते रद्द करतं, पण प्रत्येक सेवा करतेच असं नाही.

मेल आधी आणि बाकीची खाती नंतर, कारण सगळ्यांचे पासवर्ड मेलवरूनच रिसेट होतात. त्यानंतर जिथे जिथे तोच पासवर्ड ठेवला होतास तिथे बदल. एका साइटवरून फुटलेल्या ईमेल-पासवर्डच्या जोड्या दुसऱ्या शेकडो साइटवर आपोआप लावून पाहिल्या जातात. तुझा पत्ता अशा फुटलेल्या यादीत आहे का, ते २०१३ पासून चालू असलेल्या 'हॅव आय बीन प्वन्ड' या साइटवर कळेल. प्रत्येक साइटला वेगळा पासवर्ड लक्षात ठेवणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे, त्याला पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणारं अ‍ॅप, घे. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून अनोळखी संगणक काढ आणि सहा आकडी पिन लाव.

दोन दिवसांनी डिव्हाइसची यादी आणि फिल्टरचं पान पुन्हा उघड. काढून टाकलेलं काही परत उगवलं असेल तर गळती तुझ्या संगणकातूनच चालू आहे असं समज. मग तो इंटरनेटवरून तोड, कामाच्या फाइली बाजूला काढ, त्यातल्या कुठल्याही इन्स्टॉलरला हात लावू नकोस, आणि विंडोज पुसून नव्याने टाक. ते झाल्यावर पासवर्ड पुन्हा एकदा बदलावे लागतील, मेलचा सगळ्यात आधी. फिल्टरच्या पानावर काही सापडलं तर ते काढण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट मला पाठव.

तुझी,
आई