वस्ताद झोपही मोजायचे

सांगली

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, आठशे मीटरला दोन सेकंद जास्त लागतायत, म्हणून पहाटे चारला उठतेस आणि संध्याकाळचा सराव वाढवलायस. अभ्यास उरकेपर्यंत रात्रीचे बारा. मी तेव्हा गप्प बसलो, पण रात्रभर तेच डोक्यात होतं.

अगं, अशी मेहनत अंगी लागत नाही. तालमीत पहाटे जोर-बैठका झाल्या, थंडाई आणि जेवण झालं की दुपारी आडवं व्हायचंच. वस्ताद स्वतः फेरी मारायचे. जो झोपलेला नसेल त्याला जोर चुकवल्याइतकीच बोलणी बसायची. रात्री नऊला दिवा बंद. आम्हाला ती नुसती शिस्त वाटे. कारण आता कळलं, तुझ्यासाठी वाचायला लागल्यावर. पळताना स्नायूंचे धागे बारीक बारीक तुटतात, ते सांधले जातात विश्रांतीत. ग्रोथ हार्मोन, म्हणजे शरीराची वाढ आणि डागडुजी करणारं रसायन, सगळ्यात जास्त सुटतं गाढ झोपेत, त्यातही रात्रीच्या पहिल्या झोपेत. तुझ्या वयाला, १७ व्या वर्षी, ८ ते १० तास झोप लागते. तू चार तासांवर आलीस, बाळा.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात बास्केटबॉलच्या अकरा खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं होतं. २०११ साली ते छापून आलं. त्यांची धावेची वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली. तू ज्या दोन सेकंदांच्या मागे लागलीयस, ते कदाचित उशीवरच सापडतील.

माझ्या गुडघ्याची गोष्ट तुला ठाऊक आहे, पण खरी नाही. मी सगळ्यांना सांगत आलो, आखाड्याची माती वाईट होती. माती चांगली होती. जत्रांचा हंगाम होता, आज एक मैदान, उद्या दुसरं. सहा रात्री टेम्पोत बसल्या बसल्या डुलक्या काढल्या होत्या. सातव्या दिवशी पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरायला वाकलो, पाय वेळेवर सरकला नाही, गुडघा फिरला. जोडीदार माझ्याहून हलका होता. त्यानंतर मी मैदानात उतरलो नाही.

उद्याच सरांना हे सगळं सांग. वाढवलेला सराव बंद कर म्हणतील, वाईट वाटून घेऊ नकोस. रात्री मोबाइल मैत्रिणीकडे दे.

पुढच्या शनिवारी ये. आईला सांगून ठेवलंय, तू उठेपर्यंत कुकर लावायचा नाही.

तुझे,
अण्णा