एकच रोप सगळीकडे नको: वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की वृक्षलागवडीचे आकडे जाहीर होऊ लागतात. 2016 साली राज्याचे उद्दिष्ट 2 कोटींचे होते, 2019 साली ते 33 कोटींवर गेले. झाडांसाठी एवढी माणसे आणि एवढा पैसा उभा राहतो, याचे मोल मला आहे. मला बोलायचे आहे ते रोपांच्या यादीबद्दल. कुठे काय लावायचे हे बऱ्याचदा रोपवाटिकेत काय तयार आहे त्यावर ठरते. ते त्या जागेचा पाऊस आणि माती बघून ठरावे, एवढीच माझी मागणी आहे.

आपले महाबळेश्वरला जाणे होत असेल. पुढच्या खेपेस पसरणी घाटाने वाईकडे उतरताना दोन-तीन ठिकाणी गाडी थांबवून फक्त पाने बघावीत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आणि वाईला हजाराच्याही आत. हे सारे जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरांत. माथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा यांचे बुटके सदाहरित रान आहे, तर खाली पानगळीची झाडे, खैर आणि हिवर. अंजनीचे पान हातात घेतले तर जाड, तुकतुकीत, चामड्यासारखे चिवट लागते, आणि मधली शीर सोडली तर बाकीच्या शिरा दिसतही नाहीत. खैराच्या पानाला बारीक पर्णिकांच्या रांगाच रांगा, एकेक पर्णिका जेमतेम काही मिलिमीटरची.

एवढ्या पावसात पान जाड कशाला, असे वाटेल. पण महाबळेश्वरचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात कोसळून जातो. पुढचे सात-आठ महिने कोरडे, त्यात माथ्यावरचा वारा आणि जांभा दगडावरची उथळ माती. सदाहरित झाडाला अंगावरच्या त्याच पानांनिशी उन्हाळा काढायचा असतो, म्हणून ते एकेका पानावर भरपूर खर्च करते आणि ते पान दीर्घकाळ वापरते. खालचे पानगळीचे झाड पातळ, स्वस्तातले पान करते, पावसाळ्यात झटपट अन्न तयार करून घेते आणि पाणी आटले की ते पान टाकून देते. खैर-हिवराच्या चिमुकल्या पर्णिकेतून उष्णता हवेत चटकन निघून जाते, त्यामुळे ती भर दुपारीही फार तापत नाही. जगभरातल्या 175 ठिकाणच्या 2,548 प्रजातींच्या पानांची मोजमापे एकत्र करून 2004 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसले: दर चौरस सेंटिमीटरला जड असणारे पान सावकाश कमावते पण खूप टिकते, हलके पान भराभर कमावते आणि लवकर गळते.

प्रजातींची संख्याही याच हिशेबाने बदलते. पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडे कोरडे महिने दोन-तीनच असतात. उत्तरेकडे येताना ते वाढत जातात आणि फक्त पश्चिम घाटातच सापडणारे सदाहरित वृक्ष कमी कमी होत जातात. म्हणून नुसता वर्षाचा एकूण पाऊस बघून भागत नाही. कोरडे महिने किती आणि माती किती खोल, हेही बघावे लागते.

आपण मात्र गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ ही बाहेरदेशची झाडे घाटमाथ्यापासून माळापर्यंत सर्रास लावत आलो. ती लवकर हिरवी दिसतात, हे खरे. पण जिथे शेकडो वर्षांत निवडून टिकलेली पंधरा-वीस प्रकारची पाने एका उतारावर नांदतात, तिथे एकाच प्रकारचे पान उभे करणे याला जंगल म्हणता येत नाही. देशी झाड लावले म्हणजे काम झाले, असेही नाही. एकाच जातीची झाडे ओल्या आणि कोरड्या जागी वेगवेगळी पाने धरतात, आणि त्या फरकाचा काही भाग बीजातूनच येतो. घाटमाथ्यावर लावायच्या जांभळाची बी घाटमाथ्यावरूनच यावी.

काही जागी तर झाड लावूच नये. 2012 साली जागतिक वारशात गेलेले कासचे पठार सर्वांना माहीत आहे. तिथल्या कातळावर माती इतकी थोडी आणि निकस, की दवबिंदूसारखी वनस्पती पानांवरच्या चिकट केसांनी कीटक पकडून नत्र मिळवते. असे सडे, म्हणजे उघड्या कातळाची पठारे, साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत पसरले आहेत आणि कासला मिळालेले संरक्षण त्यांतल्या बहुतेकांना नाही. तिथे रोपासाठी खड्डा खणणे म्हणजे आहे तेच उकरून टाकणे. सोलापूरकडच्या माळरानांचीही तीच गत. कागदोपत्री ती ‘पडीक’, प्रत्यक्षात पवन्या-मारवेल गवतांची कुरणे आणि माळढोक पक्ष्याचे जुने घर.

माझी विनंती अशी, की लागवडीची यादी जिल्ह्याऐवजी पाऊसपट्ट्याप्रमाणे करावी. ती करताना पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रातल्या तज्ज्ञांसोबत देवराया राखणाऱ्या गावकऱ्यांनाही बसवावे. रोपवाटिकेतल्या प्रत्येक वाफ्यावर बी कुठल्या रानातून आणले हे लिहिलेले असावे. सडे आणि माळराने लागवडीतून लेखी आदेशाने वगळावीत.

यंदाची रोपे पिशव्यांत वाढलेली आहेत, ती बदलणार नाहीत हे मी जाणतो. पण जांभळाचे बी सुकले की रुजत नाही, ते मे-जूनमध्ये फळ पिकताच पेरावे लागते; हिरडा हिवाळ्यात गोळा करावा लागतो. आदेश मे महिन्याच्या आत निघाला तर पुढच्या वर्षीची रोपे योग्य बियांपासून तयार होऊ शकतील.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक शिक्षक, सातारा जिल्हा